मुद्दाम

मुलाकातीच्या दिवशी निरीक्षणगृहातली मुलं सकाळपासूनच नीट भांग पाडून बसतात. अशाच एका दिवशी दुपार कलल्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाला निरोप मिळाला, आईला कामावरून सोडलं नाही, ती येत नाही. तो चकार शब्द बोलला नाही. कॅरमपाशी जाऊन बसला. टाच मात्र एकसारखी हलत होती. पाचेक मिनिटांनी शेजारच्याचा कोपर लागून एक सोंगटी सरकली आणि 'मुद्दाम केलंस ना!' म्हणत त्याने अख्खा बोर्ड उलटवला.

इथे समुपदेशन करताना 'मुद्दाम' हा शब्द मी सगळ्यात जास्त ऐकते. पोलिसांनी मुद्दाम उचललं, साहेबांनी मुद्दाम पुढची तारीख दिली. बाल न्याय कायद्यात चौकशी 4 महिन्यांत संपवण्याची तरतूद आहे, मुदत वाढवूनही मिळते. पण वाट बघणाऱ्या मुलाला प्रत्येक वाढीव तारखेमागे कोणाचा तरी डाव दिसतो.

केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 साली नेमकं हेच मांडलं. हेतू स्पष्ट नसेल, तर आक्रमक मुलं समोरच्याने जाणूनबुजून केलं असं चटकन धरून चालतात. ही मुलं मूर्ख नाहीत. समोरचा मारणार आहे की नाही हे ओळखायला उशीर झाला की मार बसतो, अशा घरांत आणि गल्ल्यांत त्यांतली कितीतरी वाढलेली असतात.

चिडवणाऱ्या प्रसंगी माणूस काय बोलतो हे पाहणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेन्झ्वाइग यांच्या चाचणीत 24 चित्रं असतात. माणसांना नाक-डोळे काढलेले नसतात. एका चित्रात मोटारीने पादचाऱ्यावर चिखल उडवलाय, चालक माफी मागतोय, आणि पादचाऱ्याचं उत्तर मुलाने लिहायचं. याच मुलाने आधी शिवी लिहिली, मग ती खोडून लिहिलं, 'घरी मार बसेल आता.' शिवीखाली ही धास्ती होती. ती दिसेपर्यंत थांबलं नाही तर आपल्या हाती फक्त शिवी लागते. म्हणूनच बोर्ड उलटवल्याची शिक्षा म्हणून पुढची मुलाकात बंद करणं मला अजिबात पटत नाही. ज्या जखमेने तो पेटला, तिच्यावरच आपण बोट ठेवतो.

त्या दुपारी मी 'शांत हो' म्हटलं नाही. ते म्हटलं की मुलं बरेचदा आणखी भडकतात. खाली बसून सोंगट्या वेचू लागले. थोड्या वेळाने तोही वेचू लागला. एकोणीसपैकी अठरा मिळाल्या. राणी सापडेना. खाटेखाली हात घालून चाचपडत, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"मॅडम, फोन कोणी घेतला होता? आईचा आवाज कसा होता?"