अळीने खाल्लेले पान

मंडईत पालकाची जुडी घेताना अळीने खाल्लेली पाने दिसली, की आपण ती जुडी परत ठेवतो. न्यूझीलंडमधले माओरी लोक रानात औषधी पाला आणायला जातात तेव्हा नेमके उलटे करतात. ज्या पानाची अळीने चाळणी केली आहे तेच खुडतात. त्या झाडाचे नाव कावाकावा. अळीने जे निवडले त्यात गुण अधिक, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे.

हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. ते मिरीच्या कुळातले, म्हणजे आपल्या नागवेलीचे आणि पिंपळीचे भाऊबंद. पान तसेच हृदयाच्या आकाराचे, खोडाला तशीच फुगीर पेरे. माओरींचे पूर्वज पॅसिफिकमधल्या उष्ण बेटांवरून होड्यांतून आले. तिकडचे ‘कावा’ नावाचे झाड त्यांच्या ओळखीचे होते. नव्या थंड भूमीत त्याच्यासारखे दिसणारे हे झाड भेटले आणि जुनेच नाव दोनदा उच्चारून त्याला दिले गेले. माओरी भाषेत ‘कावा’ म्हणजे कडू.

दात दुखला की याचे पान चघळायचे, गळू किंवा मुका मार असेल तर ठेचून बांधायचे, पोटाच्या आणि मूत्राशयाच्या तक्रारींवर उकळून पाणी प्यायचे, सांधे धरले तर पाल्याची वाफ घ्यायची. घरात मृत्यू झाला, की शोक करणाऱ्या बायका डोक्याला याच पानांचे वेटोळे बांधतात. पाने तोडण्याआधी प्रार्थना करायची आणि गरजेपुरतीच घ्यायची, हा दंडक. हे वाचताना मला माझी आजी आठवली. खोकल्याला मधातून पिंपळी आणि तान्ह्या मुलाच्या छातीला एरंडेल लावून शेकलेले विड्याचे पान, हा तिचा दवाखाना. संध्याकाळनंतर झाडाला हात लावू द्यायची नाही.

माओरींच्या या विद्येला ‘रोंगोआ’ म्हणतात आणि तिच्या जाणकाराला ‘तोहुंगा’. १९०७ साली न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून या तोहुंगांवर बंदी आणली. भोंदूंच्या नादी लागून माणसे दगावतात, म्हणून काही सुशिक्षित माओरी पुढाऱ्यांनीही त्याला पाठिंबा दिला होता. त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण भोंदूंबरोबर जाणकारही कायद्याच्या कचाट्यात सापडले. कायदा रद्द झाला तो १९६२ साली. पंचावन्न वर्षे म्हणजे दोन पिढ्या. तोंडी चालत आलेली विद्या इतका काळ दबून राहिली, तर तिच्यातले किती हरवले याचा हिशेब कोण देणार?

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आमचा पहिला प्रश्न असे, ‘कागद आहे का?’ ज्ञानाच्या बाबतीतही जग हाच प्रश्न विचारते. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते याचे पेटंट दिले गेले. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या आपल्या संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतले. आपण जिंकलो, कारण आपल्याजवळ कागद होता.

माओरींजवळ ग्रंथ नव्हते. होती ती वडीलधाऱ्यांची स्मृती. १९९१ साली निरनिराळ्या जमातींच्या सहा जणांनी वाइतांगी न्यायाधिकरणापुढे दावा लावला, की आमच्या वनस्पती आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान यांवर आमचा अधिकार मानावा. अहवाल आला २०११ साली. तोवर सहांपैकी बहुतेक जण हयात नव्हते. झाडाची मालकी कुणालाच देता येणार नाही. पण ज्यांनी ते ज्ञान राखले, त्यांच्या त्या नात्याला रास्त संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायाधिकरणाने म्हटले. मला यातला ‘राखणदार’ हा विचार फार मोलाचा वाटतो. मालकाला वस्तू विकता येते. राखणदाराला ती पुढच्याच्या हाती द्यावी लागते.

आज तिकडच्या दुकानांत कावाकावाची मलमे मिळतात. त्या पैशात राखणदारांचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या घरातली गोष्ट मात्र सोपी आहे. घरात कुणी आजी, मावशी, आत्या असेल, तर या रविवारी वही घेऊन तिच्याजवळ बसा. कोणते पान, किती, कशातून आणि कधी द्यायचे नाही, हे सगळे लिहून घ्या. वापरायचे की नाही ते डॉक्टरांना विचारून मागाहून ठरवता येईल. सांगणारे माणूस मात्र मागाहून मिळत नाही.