चाक वीसचेच, पण ब्रेक लागेना!

आमच्या धाकटीची सायकल लहान चाकांची, वीस इंची. गेल्या पावसाळ्यात पुढचे चाक खड्ड्यात असे काही वाकले, की औट काढूनही सरळ होईना. आमचे हे म्हणाले, "रिमच बदलून आण ना." गेले मी गावातल्या एका दुकानात. "बाई, वीसचंच चाक हाय, काळजी नका करू," म्हणत दुकानदाराने टायरसकट दुसरे चाक बसवले. फक्त मडगार्ड काढावे लागले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती!

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना उतारावर पोरीने ब्रेक दाबला, मूठ पार हँडलला टेकली, तरी सायकल थांबेना. पाय घासत तिने ती कडेच्या गवतात घातली म्हणून कोपर सोलण्यावर निभावले. त्या रात्री मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल ओट्यावर घेऊन बसले. ब्रेकचे रबर रिमच्या खालच्या काठाला जेमतेम लागत होते, उरलेले अर्धे तारांच्या बाजूला अधांतरी. मग टायर पाहिले. मागच्यावर २० × १.७५, पुढच्यावर २० × १ ३/८. दोन्ही वीसच की! पण त्याशेजारी बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. मागे होते ४०६, पुढे ४५१.

मैत्रिणींनो, खरे माप हे. वीस इंच हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे जुने ढोबळ नाव. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास हा मिलिमीटरचा आकडा सांगतो. आपण बांगडी आतून मापतो ना, तसेच. टायर बारीक असला की तेवढीच उंची गाठायला रिम मोठी लागते. इथे फरक ४५ मिलिमीटरचा, म्हणजे रिमची कड आसापासून साडेबावीस मिलिमीटर लांब गेली. ब्रेक बिचारा होता तिथेच! शाळेत मी मुलांना व्यास आणि त्रिज्या शिकवते, आणि घरच्या सायकलीत मात्र फसले.

मोठ्या सायकलींतही हाच घोळ आहे. २६ × १ ३/८ ची रिम ५९० ची, तर जाड टायरच्या सव्वीस इंचीची ५५९. आणि लहान चाके पोराटोरांचीच असतात असेही नाही. १९६२ साली इंग्लंडात अलेक्स मोल्टन यांनी मोठ्या माणसांसाठी सोळा इंची चाकांची सायकल काढली, तिचे माप ३४९. पोरांच्या सोळा इंचीचे बहुधा ३०५.

आता उपाय. आमचा ब्रेक चिमट्याच्या वर एकाच बोल्टला टांगलेला, चिमट्यासारखा आवळणारा. त्यात आखूड आणि लांब बाह्यांचे प्रकार मिळतात, त्यामुळे आखूड बाह्यांचा लावून ४५१ ची रिम चालवता आली असती. व्ही-ब्रेक असता तर तेही नाही. त्याच्या खुंट्या चिमट्याला पक्क्या जोडलेल्या असतात, रबर जरासेच वरखाली होते. शिवाय त्याला वायर जास्त ओढावी लागते, म्हणून मूठही त्याच्याच जोडीची हवी. रबर ओढूनताणून वर बसवाल तर टायर कापेल. घरातल्या जुन्या काळ्या सायकलीची रिम घ्यावी म्हणाल, तर सळईचा ब्रेक रिमला आतून लागतो, तिच्या कडा गोलसर. आपल्या रबराला सपाट बाजू लागते. हबमधला ड्रम ब्रेक असेल तर मात्र रिम कोणतीही असो, ब्रेक लागतोच.

मी विचार केला, आखूड ब्रेक स्वस्त पडेल, पण मडगार्ड गेले ते गेलेच. आमच्याकडच्या पावसात युनिफॉर्मवर चिखलाची रांगोळी रोज कोण धुणार? किनवटहून ४०६ ची रिम मागवली, टायर-ट्यूब जुनेच चालले. दुकानातच चाक फिरवून पाहिले, रबर पूर्ण रिमवर, टायरपासून दूर. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली, हलली नाही. मग रिमवर पाणी ओतून पुन्हा तेच केले, कारण ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. दुकानदार हसला. हसू दे!

पोरीला सांगून ठेवले आहे, पाऊस असला की उतार सुरू होण्याआधीच ब्रेक हलके दाबत राहायचे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. मडगार्डही परत बसले. ती ४५१ ची रिम मात्र पहिल्या दुकानदाराने परत घेतली नाही. परसात तिच्यावर सध्या कारल्याचा वेल चढतो आहे.