पायरी चढण्याआधी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे माझ्या आईने आयुष्यभर ऐकलं, आणि ते ऐकवणाऱ्यांच्याच नावावर तिच्या वडिलांची जमीन गेली. सातारा जिल्ह्यातली, कॅनॉलकडेची साडेचार एकर. आजोबा 1997 साली गेले. पुढच्या वर्षी मामांनी आईला आणि मावशीला तलाठ्याकडे नेलं, एका कागदावर सह्या घेतल्या, घरी आणून साडीचोळी केली. 2019च्या मे महिन्यात गावातल्या एका लग्नात तिला कळलं, की रस्त्याकडेचा तुकडा विकला गेलाय. त्यानंतरही आम्हाला वकील गाठायला दोन वर्षं लागली. “भावावर केस करू? माहेर तुटेल गं माझं,” यापुढे ती जात नव्हती.

मी पुण्यात राहते, म्हणून पहिला फोन पुण्यातल्या ओळखीच्या वकिलांना केला. त्यांनी सरळ सांगितलं, तालुक्याच्या गावी जा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 16प्रमाणे जमिनीच्या वाटपाचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात चालतो. वारस मुंबईत असो नाहीतर न्यू जर्सीत. पुण्याचा वकील दर तारखेला तिथे जाणार कसा, आणि गेला तरी त्याचा दिवस आणि गाडी कुणाच्या खिशातून? त्यापलीकडेही कारण आहे. जमिनीच्या दाव्यातलं अर्धं काम कोर्टाबाहेर असतं. जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायची, दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा सर्च घ्यायचा, भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा मिळवायचा. रोज त्याच आवारात वावरणाऱ्या माणसाला हे सोपं जातं.

लहान गावाची एक अडचणही आहे. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्यांच्याकडे आम्ही आधी जाणार होतो, त्यांनीच मामांचं खरेदीखत तयार केलेलं निघालं. म्हणून नाव सांगताच पहिला प्रश्न हाच विचारावा: समोरच्या पक्षाचं काम तुम्ही कधी केलंय का?

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा चौकशी आपणच करावी लागते. मी एक अख्खा दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसून काढला. खुल्या कोर्टात कुणीही बसू शकतं. दिवाणी कामं कोण चालवतं, साक्षीदाराचा उलटतपास कोण स्वतः घेतं, आणि कोण प्रत्येक वेळी ज्युनिअरच्या हाती मुदतीचा अर्ज देतं, हे दुपारपर्यंत ध्यानात येतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावानेही प्रकरणं शोधता येतात. फौजदारीत नावाजलेला वकील वाटपाच्या दाव्यात तितकाच मुरलेला असेल असं नाही. आम्ही निवडलेल्या वकिलांचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानामागे होतं, पण त्यांची बरीचशी प्रकरणं जमिनीची होती.

भेटीआधी त्यांनी फोनवर एकच काम दिलं. “ताई, गोष्ट लिहू नका. तारखा लिहा.” आईला घेऊन मी दोन संध्याकाळी बसले. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे काय घडलं, आणि त्याचा कागद आपल्याकडे आहे की नाही. तारीख आठवत नसेल तिथे ‘धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी’ असं लिहिलं. वर्ष नंतर सापडतं. सोबत वंशावळ, सगळ्या बहीणभावांसह, कारण वाटपात एखादा वाटेकरी पक्षकार करायचा राहिला तर दावाच लंगडा पडतो. आजी-आजोबांच्या मृत्यूचे दाखले, सातबारा, आठ-अ, मिळतील तेवढे फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो. नोटीस आलेली असेल तर पाकिटासकट न्यावी, कारण ती कधी हाती पडली ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून ठरतं. कोर्टाचं समन्स आलं असेल तर एकही दिवस दवडू नये. लेखी कैफियत 30 दिवसांत द्यायची असते. कोर्ट मुदत वाढवतं, पण साधारण 90 दिवसांपर्यंतच. मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्सचा संच द्यावा, आणि काय दिलं त्याची यादी आपल्याकडे ठेवावी.

आईने त्या टिपणातून एक ओळ मला गाळायला लावली होती. 1998ची सही.

वकीलसाहेबांनी आमचा कागद वाचला, मग फेरफार वाचला, आणि चष्मा काढून आईकडे पाहिलं. “बाई, तुम्ही हक्क सोडल्याचा जबाब दिलाय असं इथे लिहिलंय. तो कागद रजिस्टर झाला होता का?” आई गप्प झाली. मग म्हणाली, “सही केली होती. कशावर, ते नाही ठाऊक. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं.”

आपल्या विरुद्ध जाणारा कागद पहिल्या भेटीतच सांगावा, हे मी त्या खोलीत शिकले. समोरच्याकडे तो असतोच, आणि उलटतपासात तो पहिल्यांदा बाहेर आला तर आपल्याच वकिलाचे हात बांधले जातात. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132मध्ये ते आहे, आणि जुन्या कायद्यातही होतं. शिवाय ज्याची आईला लाज वाटत होती, तो कागद तेवढा घातक नव्हताच. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणी न केलेल्या हक्कसोडाने जात नाही, आणि फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, मालकी ठरवत नाही.

मग प्रश्न सुरू झाले, आणि प्रत्येकाचं उत्तर तारखेत होतं. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली की वडिलोपार्जित? स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा-मुलगी सारखेच वारस. वडिलोपार्जित असेल तर 2005ची दुरुस्ती बघायची. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020ला स्पष्ट केलंय. पण 20 डिसेंबर 2004पूर्वी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री या दुरुस्तीने मोडत नाही. म्हणजे तुकडा कधी विकला? आणि शेवटी: आपल्याला वगळलंय हे तुम्हाला कधी कळलं? एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेल्याचं कळल्यापासून 12 वर्षांत दावा लावावा लागतो. आईने लग्नाची तिथी सांगितली. पत्रिका आमच्या फायलीत होती.

फीचं बोलणं याच भेटीत करावं, संकोच न करता. नोटीस, दावा दाखल करणं, निशाणी 5चा मनाई अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद अशा टप्प्यांनी फी ठरवून घ्यावी, पावती मागावी. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च वेगळा असतो. ‘जमीन मिळाली की त्यातला हिस्सा द्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावं. बार कौन्सिलच्या नियमांना तो करार मंजूर नाही. पुढे वकील बदलावासा वाटला आणि जुने वकील फीसाठी फाईल अडवू लागले, तर तसा हक्क त्यांना नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निर्णय आहे.

हे मला कळकळीने सांगायचंय, कारण कितीतरी बायका फीच्या भीतीनेच मागे फिरतात: 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोकही. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. 15100 हा फोन नंबर आहे. मावशीने तिथूनच वकील घेतला.

वकीलसाहेबांनी दावा लगेच लावला नाही. आधी नोटीस, मग मध्यस्थीचा प्रयत्न, असं त्यांनी सुचवलं. आईचा चेहरा तेव्हा जरा सैल झाला. त्यांनी वकीलपत्र पुढे केलं, पेन दिलं, फुलीच्या खुणेवर बोट ठेवलं. आईने पेन हातात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. “वाच आधी. सगळं वाच.” तडजोड करायचा अधिकार, कोर्टातून रक्कम घ्यायचा अधिकार, एकेक कलम मी मोठ्याने वाचलं, कळलं नाही तिथे तिने थांबवलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. बाहेर दोन अशील खोळंबले होते. वकीलसाहेब काही न बोलता बसून राहिले.