रक्तातील बखर आणि आपला समाज

आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर कधी उतरले व कोठून आले, हा प्रश्न आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. त्याचे परंपरेने चालत आलेले उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. चौलच्या बंदराजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्यास लावलेल्या मृतांना नवगाव येथे मूठमाती देण्यात आली. पवित्र ग्रंथ समुद्राच्या पोटात गेले. ‘शेमा’ तेवढा मुखी राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या मंडळींना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. परंतु अठराव्या शतकापूर्वीचा लेखी पुरावा आपल्याजवळ जवळजवळ नाही. काही विद्वान आपल्या आगमनाचा काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काही तो इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत पुढे आणतात. या दोन टोकांमध्ये तेराशे-चौदाशे वर्षांचे अंतर आहे!

इतिहासाचे कागद जेथे संपतात तेथे आता जीवशास्त्र बोलू लागले आहे. मनुष्याच्या रक्तात त्याच्या पूर्वजांची जी बखर लिहिलेली असते, ती वाचण्याची विद्या गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांच्या हाती आली. त्या विद्येने आपल्या समाजाविषयी काय सांगितले, हे प्रत्येक बेने इस्रायल कुटुंबाने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. यात केवळ जिज्ञासेचा भाग नाही. आपल्या मुलानातवंडांच्या आरोग्याशी या ज्ञानाचा निकटचा संबंध आहे.

पिढ्यांची गोधडी

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. या गुणसूत्रांत डीएनए नावाचा लांबलचक धागा असून त्यावर चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांनी मजकूर लिहिलेला असतो. एका संचातील अक्षरांची संख्या सुमारे ३ अब्ज भरते. हा मजकूर वाचण्याचे प्रचंड काम २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. उरलेल्या कठीण जागा २०२२ साली भरून काढण्यात आल्या.

या मजकुरावरून पूर्वजांचा काळ कसा काढतात? त्यासाठी आपल्या आजीच्या गोधडीचे उदाहरण घेऊ. समजा, एका घरात हिरव्या लुगड्याचे कापड आले व दुसऱ्या घरातून तांबडे. पहिल्या पिढीत दोन्ही कापडे अखंड असतात. पुढील प्रत्येक पिढीत गोधडी उसवून, कापडे कापून, नवी गोधडी शिवली जाते. दहा पिढ्यांनी तुकडे लहान होतात, तीस पिढ्यांनी आणखी लहान. तुकड्यांचा आकार मोजला की ही दोन कापडे प्रथम एकत्र कधी आली, याचा अदमास बांधता येतो. गुणसूत्रांचेही असेच आहे. मातापित्यांची गुणसूत्रे पुढील पिढीस मिळण्यापूर्वी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि निरनिराळ्या वंशांकडून आलेले तुकडे पिढीगणिक आखूड होत जातात.

२०१६ सालचे संशोधन

या शतकाच्या प्रारंभी झालेल्या तपासण्यांत आपला समाज भारतातील आसपासच्या लोकांसारखाच दिसत होता. जगभरच्या यहुदी समाजांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातही बेने इस्रायल व कोचीनचे यहुदी भारतीय गटांच्या जवळ बसविलेले आढळले. आपल्यापैकी अनेकांना त्याचे वाईट वाटले असेल तर ते स्वाभाविक होते. परंतु शास्त्रात पहिले उत्तर हे शेवटचे उत्तर नसते.

मार्च २०१६ मध्ये इस्रायल व अमेरिका येथील शास्त्रज्ञांच्या एका गटाने केवळ आपल्या समाजाला वाहिलेले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी १८ बेने इस्रायल व्यक्तींचे डीएनए तपासले आणि ४१ अन्य यहुदी, भारतीय व पाकिस्तानी गटांतील ४८६ व्यक्तींशी त्यांची तुलना केली. या वेळी एकाच मापावर न विसंबता अनेक पद्धती एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या.

निष्कर्ष असे निघाले. बेने इस्रायल लोक वंशाने भारतीय लोकांशी मिळतेजुळते आहेत हे खरे. तथापि भारतात त्यांचा गट स्पष्टपणे वेगळा उठून दिसतो. तपासलेल्या भारतीय व पाकिस्तानी गटांपैकी अन्य यहुदी समाजांशी लक्षणीय वांशिक नाते असलेला गट हाच एक. आपल्या ठायी यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश आहेत आणि दोन्हींचे प्रमाण भरीव आहे. यहुदी अंश मध्यपूर्वेतील यहुद्यांशी जुळतो. या दोन प्रवाहांचा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा. पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर हा काळ साधारणपणे पाचशे ते हजार वर्षांपूर्वीचा येतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ही तारीख संगमाची आहे, आगमनाची नव्हे. पूर्वज कोकणात येऊन कित्येक शतके आपल्यापुरते राहिले असतील व नंतर इतरांशी मिसळले असतील. अथवा येताच मिसळले असतील. गोधडीचे तुकडे मोजून कापडे एकत्र कधी शिवली गेली ते कळते. कापड घरात कधी आले ते कळत नाही. म्हणून नवगावची परंपरा या संशोधनाने खोटी ठरत नाही, आणि तिच्या कालनिर्णयास पुरावाही मिळत नाही.

मातांविषयी

संशोधनातील एक निष्कर्ष नाजूक आहे. तो झाकून ठेवणे शिक्षकाच्या धर्मास शोभणारे नाही, म्हणून आम्ही तो स्पष्टपणे मांडतो. स्त्रीच्या ठायी दोन एक्स गुणसूत्रे असतात व पुरुषाच्या ठायी एक; त्यामुळे समाजातील एक्स गुणसूत्रांवर स्त्रीपूर्वजांची छाप अधिक पडते. ही गुणसूत्रे इतर गुणसूत्रांशी ताडून पाहता असे दिसले की, यहुदी अंशात पुरुषांचा वाटा अधिक होता आणि स्थानिक अंशात स्त्रियांचा.

हे वाचून वडीलधाऱ्या मंडळींना १९६२ साल आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या वर्षी मुख्य रब्बींच्या मंडळाने बेने इस्रायल वधूवरांच्या माता, आज्या व पणज्यांच्या वंशाची चौकशी करण्याची सूचना विवाह नोंदविणाऱ्यांना दिली. आपल्या लोकांनी तो अपमान मुकाट्याने गिळला नाही. यरुशलेममध्ये निदर्शने झाली, कुटुंबे ठाण मांडून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये नेसेटने बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सूचनेतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले. आता कोणी म्हणेल की, प्रयोगशाळेने तो वाद पुन्हा उकरून काढला. आमच्या मते तसे मुळीच नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत. एखाद्या कुटुंबाच्या पणजीविषयी ते काहीही सांगत नाहीत. दुसरे, हा प्रकार केवळ आपल्या समाजात दिसतो असे नाही. अश्केनाझी समाजाच्या मातृवंशातही युरोपीय स्त्रियांचा वाटा मोठा होता असे प्रतिपादन २०१३ सालच्या एका अभ्यासाने केले असून त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. स्त्रीने इस्रायलच्या देवाचा स्वीकार केला की नाही, हे डीएनएच्या अक्षरांत लिहिलेले नसते. मवाबी रूथच्या रक्ताची तपासणी झाली असती तर ती मवाबीच निघाली असती. परंतु दावीद राजा तिचाच पणतू होय. ज्या कोणा मातांनी कोकणातील झोपडीवजा घरांत शब्बाथचा दिवा लावला, मुलांना शेमा शिकविला व खवल्यांवाचूनची मासळी घरात येऊ दिली नाही, त्यांच्यामुळे आपण आज आहोत. त्यांची आठवण कृतज्ञतेने करावी. लाजेचे तेथे काय कारण?

अरुंद वाट व तिचे परिणाम

या संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष आहे. दुर्दैवाने त्याची चर्चा कमी झाली. संगमानंतर आपला समाज एका अरुंद वाटेतून गेला, म्हणजे थोड्याच पूर्वजांपासून तो वाढला. आणि पुढे शतकानुशतके विवाह समाजातच होत राहिले. पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर अशी गावोगावची आडनावे धारण करणारी आपली कुटुंबे दूरच्या नात्याने एकमेकांशी बांधलेली आहेत. या बंदिस्तपणामुळेच आपला धर्म टिकला. परंतु निसर्ग त्याची किंमतही मागतो.

प्रत्येक निरोगी माणसाच्या ठायी काही सदोष जनुके असतात. जोडीतील दुसरे जनुक चांगले असल्याने त्यांचा उपद्रव होत नाही. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. पती व पत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व दोषमुक्त होण्याचा चारांत एक असतो. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता अधिक असते. संशोधकांनी आपल्या समाजाविषयी हाच इशारा दिला आहे.

इतर समाजांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. अश्केनाझी समाजात टे-सॅक्स नावाचा रोग लहान मुलांना होतो व सहसा चार-पाच वर्षांत त्यांचा अंत घडवून आणतो. अमेरिकेत १९७१ साली वाहक ओळखण्याची मोहीम सुरू झाली. पुढील काही दशकांत तेथील यहुद्यांत या रोगाने ग्रस्त होऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली! आंध्र व तेलंगणातील वैश्य समाजात आनुवंशिक दोषामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा परिणाम लवकर ओसरत नाही. तेथील जाणते भूलतज्ज्ञ रुग्णाचा समाज विचारून मगच औषध निवडतात.

आपली तरुण मंडळी आता इराकी, मोरोक्कन, कुर्दी, अश्केनाझी घराण्यांत विवाह करीत आहेत. त्यामुळे समान दोषाची गाठ पडण्याचा संभव सामान्यतः कमी होतो. परंतु निष्काळजी राहून चालणार नाही. कुर्दी यहुद्यांत थॅलॅसेमिया आढळतो आणि तो भारतातील अनेक समाजांतही आहे. म्हणजे दूर दूरच्या दोन घराण्यांतही एकच दोष असू शकतो.

उपचारांची नवी पहाट

पूर्वी अशा रोगांवर उपाय नसे. आता चित्र पालटत आहे. जनुकाची नेमकी जागा शोधून ती कापणारी ‘क्रिस्पर’ नावाची पद्धत शोधणाऱ्या शार्पेंतिए व डाउडना या दोन विदुषींना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या पद्धतीवर आधारलेल्या पहिल्या उपचारास मान्यता दिली. सिकलसेल व थॅलॅसेमिया या दोन रोगांसाठी तो आहे. रुग्णाच्या मज्जेतील रक्त निर्माण करणाऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांत दुरुस्ती करून, पुन्हा शरीरात सोडतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली, यावरून तो अद्याप सामान्यांच्या आवाक्यात नाही हे कळून येईल. २०२५ साली फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयात तर एका तान्ह्या मुलासाठी, त्याच्या एकट्याच्या दोषापुरते औषध काही महिन्यांत तयार करून देण्यात आले.

तथापि हे सर्व उपचार महाग, कष्टाचे व मोजक्या रोगांपुरते आहेत. रोग आधीच ओळखणे हाच आजही सर्वांत स्वस्त व सुरक्षित मार्ग होय.

आपण काय करावे?

विवाह ठरलेल्या अथवा मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी आपल्या कुपत खोलीममध्ये वाहक-चाचणीची चौकशी गरोदरपणापूर्वीच करावी. तेथे मूळ समाज विचारल्यास केवळ ‘होदू’ असे न सांगता ‘बेने इस्रायल’ असे स्पष्ट सांगावे, व चारही आजीआजोबांचे मूळ नोंदवावे. घराण्यात पूर्वी लहानपणी दगावलेली मुले, अकाली आलेले अंधत्व वा बहिरेपण, भुलेच्या वेळी झालेला त्रास यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून आताच विचारून लिहून ठेवावी. ती माहिती ज्यांच्या स्मरणात आहे, ती पिढी आपल्यातून हळूहळू जात आहे.

चाचणीचा निकाल लोकांत फुटेल ही भीती अनेकांच्या मनात असते. २००० साली नेसेटने केलेला जनुकीय माहितीचा कायदा ही माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो, व नोकरी देणाऱ्यास तसेच विमा उतरविणाऱ्यास तिचा दुरुपयोग करण्यास मनाई करतो. परंतु कायद्यापेक्षाही कठीण गोष्ट आहे ती आपल्या घरांतील कुजबुज. आजारी मूल जन्मले की सुनेच्या माहेराला दोष देण्याची आपली जुनी खोड आहे. वाचकांनी वर दिलेला हिशेब पुन्हा पाहावा. अशा रोगात दोष अर्धा आईकडून व अर्धा वडिलांकडून येतो, आणि दोघांपैकी कोणीही तो निवडलेला नसतो.

अठरा व्यक्तींच्या रक्ताने आपल्याला इतके शिकविले. पुढील संशोधनासाठी कोणी विश्वासू संस्था रीतसर संमती घेऊन विचारणा करील, तेव्हा आपल्या समाजाने मागे राहू नये. जी घराणी आपला रोग लपवितात, त्यांच्या रोगावर औषध कोण शोधणार?