लॅपटॉपचा पंखा का ओरडतो?

प्रोजेक्ट सबमिट करायच्या रात्रीच माझा लॅपटॉप विमानासारखा घोंगावला आणि धाडकन बंद पडला. मी शिव्या घातल्या पंख्याला, पण तो बिचारा त्याचं काम करत होता. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर ढकलतो. माझ्या जाळीवर धुळीचा थरच बसला होता! त्यात लॅपटॉप गादीवर, म्हणजे खालून हवा घ्यायची वाटही बंद. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर मशीनच बंद. ब्लोअरनं साफ करताना लॅपटॉप बंद ठेवा आणि पंख्याची पाती काडीनं अडवून धरा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जाऊ शकतं. त्यानंतरही खरखर येतच राहिली, तर मात्र पंखा बदला.