लोणार : विवराच्या काठावरचे गाव आणि भग्न राउळे

चिखली, तळवडे, चाकण या कारखानदारी पट्ट्यात बुलढाणा जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या जिल्ह्यातही चिखली नावाचे तालुक्याचे ठिकाण आहे. त्यामुळे ‘कोणती चिखली?’ या प्रश्नाला त्यांची सुटका नाही. याच जिल्ह्यात, पुण्यापासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, लोणार वसले आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा ओलांडून तेथे पोहोचता येते.

लोणारला जाणारा प्रवासी बहुधा उल्कापाताने झालेले विवर पाहण्यासाठी जातो, कडेवरून छायाचित्र काढतो आणि परततो. त्याच्या नजरेतून निसटते ते गाव. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेल्या या विवराच्या अगदी कडेला वस्ती आहे, आणि ती शतकानुशतकांच्या देवळांच्या, बारवांच्या आणि भग्नावशेषांच्या मध्येच वाढली आहे. घरांच्या दाटीतून जाणारी वाट अचानक एखाद्या कोरीव मंदिरापाशी येऊन थांबते.

अशा मंदिरांत दैत्यसूदन सर्वांत महत्त्वाचे. लवणासुर ऊर्फ लोणासुर या दैत्याचा विष्णूने वध केला आणि त्याच्या विवराचे पुढे सरोवर झाले, अशी आख्यायिका आहे. गावाचे नावही त्याच असुराशी जोडले जाते. मंदिराची मांडणी तारकाकृती आहे. बाह्य भिंतींचे कोन एकामागून एक असे पुढे-मागे होतात, की उन्हाची तिरीप सरकेल तशी शिल्पे उजळतात आणि विझतात. मंडपाचे छत आवर्जून मान वर करून पाहावे. अशा बांधणीला सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. लोणार परिसरातील बांधकामे उत्तर चालुक्य आणि यादव अशा दीर्घ काळात विखुरलेली आहेत. गावातील लिंबी बारवही याच परंपरेतली.

विवराच्या कडेवर ‘धार’ आहे. गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो आणि त्याच्या कुंडाभोवती मंदिरांचा समूह उभा आहे. खाली खारे, कडवट पाणी आणि वर गोडा झरा, या योगामुळेच येथे तीर्थ निर्माण झाले असावे. धारेपासून पायवाटेने उतरू लागले की झाडीत एकेक देऊळ दिसू लागते. विवराच्या पोटात अशी डझनभराहून अधिक देवळे आहेत. कुठे शिखर ढासळले आहे, कुठे गाभाऱ्यात मूर्तीच उरलेली नाही, तर कुठे मुळांनी चिरे उचलून धरले आहेत. काठावरच्या कमळजा देवीची पूजा मात्र अद्याप चालते आणि नवरात्रात तिची यात्रा भरते. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे सांगतात.

हे पाणी खारे कसे? विवराला बाहेर जाणारा मार्ग नाही. झऱ्यांतून आणि पावसातून पाणी येते, ते केवळ बाष्पीभवनाने जाते, आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. म्हणूनच पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. या क्षारांचा वापर जुना आहे. येथे काच आणि साबण करण्याचे द्रव्य मिळते, असा उल्लेख अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. तरीही हे ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज दीर्घकाळ टिकला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताच्या प्रचंड दाबानेच घडणारे काचरूप खनिज येथील बेसाल्टमध्ये आढळल्याचे दाखवण्यात आले आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न मात्र पुन्हा उघडला गेला. पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे हा आकडा सांगितला जाई. २०१० मधील कालमापनाने तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेला.

जून २०२० मध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोणारचे नाव घरोघरी पोहोचले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली की असे जीव फोफावतात. पाऊस पडून पाणी सौम्य झाले की रंग ओसरतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला ‘रामसर’ पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. विवराचा परिसर २००० पासूनच अभयारण्य आहे.

चिंतेचे कारण आता वेगळे आहे. या सरोवराचे सारे वैशिष्ट्य क्षार आणि पाणी यांच्या नाजूक प्रमाणावर टिकून आहे. गावाचे सांडपाणी विवरात उतरू नये, वेडी बाभूळ हटवावी, यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर वर्षानुवर्षे सुनावणी झाली. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढत गेली आणि २०२५ मध्ये कमळजा मंदिरापर्यंत पाणी पोहोचले. गोडे पाणी वाढले तर क्षारता घटते, आणि तिच्यावर जगणारे सूक्ष्मजीव मागे हटतात. आठशे वर्षांच्या दगडी पायालाही सततची ओल परवडणारी नाही. वस्ती, देवळे आणि पाणी ही तिन्ही येथे इतकी जवळ आहेत, की एकाची सोय दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते. गावकऱ्यांना गटार हवे, भाविकांना देवीची वाट हवी, संशोधकांना अस्पर्शित पाणी हवे. यांपैकी कोणाचीही मागणी गैर म्हणता येत नाही.

जाणाऱ्याने हिवाळ्यातील सकाळ निवडावी आणि निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. आधी गावातील दैत्यसूदन, मग धार, आणि त्यानंतर विवरात उतरणे हा क्रम सोयीचा पडतो. परतीची चढण दमवते, म्हणून पिण्याचे पाणी सोबत असू द्यावे. काठावरची वाट किती मोकळी आहे, हे वनविभागाच्या चौकीवर विचारूनच पुढे निघावे.