कॅमेऱ्यातून म्हाताऱ्या माणसांची देखभाल



आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचा खासगी दवाखाना डोळ्यापुढे येतो. इंग्लंडात तसे नाही. तिकडे ते अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांचे कायमचे राहण्याचे ठिकाण. रात्री तिथे बहुधा डॉक्टर नसतो. मग आजी पडल्या, आजोबांना धाप लागली, की रुग्णवाहिका बोलवायची आणि इस्पितळ गाठायचे. पण विस्मरणाचा रोगी अनोळखी खोलीत आणखीच गोंधळतो, आठ दिवस खाटेवर काढले की पायातले बळ जाते. आणि कित्येकदा उपचार जागेवरच होण्यासारखा असतो!

यॉर्कशायर परगण्यातल्या एअरडेल इस्पितळाने 2011 साली यावर तोड काढली. अशा वृद्धगृहांत कॅमेऱ्याचा संगणक ठेवला आणि इस्पितळात चोवीस तास अनुभवी परिचारिका बसवल्या. परिचारिका पडद्यावर रोग्याला पाहते, त्याच्याशी बोलते, लागलं तर डॉक्टरांना विचारते आणि सांगते, इथेच सांभाळा, नाहीतर आत्ताच गाडी बोलवा.

सभासद म्हणतील, कचेरीत बसून उसाची पक्वता कशी कळणार? प्रश्न रास्त आहे. फडातल्या माणसाने ब्रिक्स नीट पाहून सांगितला तरच कळणार. इथेही सगळी मदार उशाशी बसलेल्या माणसावर. त्याने घड्याळ लावून पुरता मिनिटभर श्वास मोजायचे. निरोगी माणसाचे 12 ते 20 भरतात. 25 किंवा जास्त भरले की तिकडच्या धोक्याच्या तक्त्यात सर्वांत जास्त, म्हणजे 3 गुण पडतात. एकाएकी आलेल्या गोंधळलेपणालाही 2017 पासून 3 गुण आहेत. आमच्या मते हे कलम फार मोलाचे. वयस्क माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही; काल नातवाला ओळखणारी म्हातारी आज भलतेच बोलते, एवढीच खूण दिसते. आपण मात्र 'वय झालंय' म्हणून सोडून देतो. जुने विस्मरण कोणते आणि आजचे नवे काय, हे कॅमेऱ्याला कळत नाही, रोज सांभाळणाऱ्यालाच कळते.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मात्र कुणाचा सल्ला घेत बसू नये. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. हा वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. रात्री जेवताना ठीक होते का, हे म्हणून विचारतात.

आपल्याकडे ई-संजीवनी 2019 साली सुरू झाली. तिच्यावर डॉक्टरांचा सल्ला मिळतो, पण ती तातडीच्या आजारासाठी नव्हे. केंद्र सरकारच्या मार्च 2020 च्या सूचनांप्रमाणे आणीबाणीत दूरचा सल्ला प्रथमोपचार आणि 'पुढे न्या' एवढ्यापुरताच. त्यासाठी 108 ची गाडी 2014 पासून महाराष्ट्रभर आहे, तिला पैसे पडत नाहीत.

घरात म्हातारं माणूस असेल त्यांनी चालू औषधांची नावे एका कागदावर लिहून तो औषधाच्या डब्यातच ठेवावा. गाडीवाले डॉक्टर ते विचारणारच, आणि नेमका तेव्हा घरचा कर्ता माणूस रानात पाण्यावर असतो.